पिशवीत पिस्टन, मुक्काम कुर्ला

‘ह्यात आता तुळस लावा,’ मेस्त्री म्हणाले.

आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक सांगलीत त्यांच्या गॅरेजच्या फरशीवर उताणा पडला होता. कारखान्यातून येताना त्याला सिलिंडरची चार भोकं होती. पाचवं आदल्या रविवारी आंबा घाटात पडलं. ऑइलचा दिवा लागला होता, नाही असं नाही. पण तो गेली अकरा वर्षं अधूनमधून लागतच असे, म्हणून मी नेहमीप्रमाणे डॅशबोर्डवर एक चापट मारली. दिवा विझला. दोन वळणांनंतर कनेक्टिंग रॉड ब्लॉकची भिंत फोडून घाटाची शोभा बघायला बाहेर आला.

‘वेल्डिंग करून चालणार नाही?’

‘बीड आहे साहेब हे. एका जागी तापवून जोडलं की निवताना शेजारी तडकतंय. भगदाड बुजवाय जाशिला आणि चिरा मोजत बसशिला.’

पद्मिनीचं उत्पादन थांबलं २००० सालाच्या आसपास, त्यामुळे नव्या ब्लॉकचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या कुठल्या तरी मोडीत निघालेल्या पद्मिनीचा ब्लॉक शोधायचा, आणि तो मिळायची जागा मेस्त्रींच्या मते एकच होती. मुंबईत कुर्ला, सीएसटी रोड.

निघण्याआधी त्यांनी माझी शिकवणी घेतली. हातात एक जुना पिस्टन ठेवला. पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं आणि मेस्त्रींना ऐकवलंही. त्यांनी ते पानाच्या पिंकेबरोबर बाजूला टाकलं. ‘ह्यो पिस्टन आत सोडून बघा. अंग चोरून गेला तर ब्लॉक आपला. आडात बादली पडल्यागत गेला तर दुसऱ्याचा.’ मग खिशात शाळेतला खडू दिला. संशय येईल तिथे रॉकेलचा बोळा फिरवायचा, फडक्यानं कोरडं पुसायचं आणि वर खडू घासायचा. चीर असली तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर काळी रेघ काढतं. (रॉकेल तिथंच मागून घ्यायचं होतं, रेल्वेत चालत नाही.) तिसरी गोष्ट म्हणजे ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर शाबूत पाहिजे. चौथी गोष्ट ते सांगत असताना शेजारी एक पोरगा बुलेटचा ॲक्सिलरेटर पिळत होता. मी मान डोलावली.

सोबतीला मेहुणा होता. तो बँकेत आहे. गाड्यांतलं त्याला सगळं कळतं.

महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये समोरच्या बाकावर एक आजी होत्या. मी पिशवीतून शाल काढताना पिस्टन बाहेर आला आणि त्यांच्या डब्याशेजारी उभा राहिला. आजींनी तो उचलला, उलटा केला, आत बघितलं. ‘फुलपात्रं दणकट आहे हो,’ त्या म्हणाल्या, ‘पण दोन्ही बाजूंना भोकं का पाडून घेतली? पाणी गळत असेल.’ मेहुण्यानं त्यांना गजन पिनचं कार्य समजावून सांगायला घेतलं. मी कराडच्या अलीकडेच झोपलो. आजी बहुधा साताऱ्यापर्यंत जाग्या असाव्यात.

पहाटे कुर्ल्याची पाटी खिडकीतून मागे गेली ती मी डोळ्यांनी पाहिली. पण आम्हाला जायचं होतं सीएसटी रोडला, आणि गाडी तर सीएसटीलाच चालली होती. स्टेशनचं नाव बदलून आता बरीच वर्षं झाली, तरी आमच्या तोंडात तेच. तिथं उतरून टॅक्सीवाल्याला म्हटलं, ‘सीएसटी रोड.’ त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आमच्या पायांखालच्या फरशीकडे बोट दाखवलं. ‘आप खडे हैं ना सीएसटी पे.’

मग कळलं की कुर्ला ते कलिना जाणाऱ्या त्या रस्त्याच्या नावातल्या सीएसटीचा ह्या स्टेशनाशी काडीचा संबंध नाही. ती अक्षरं ‘सेंट्रल साल्सेट ट्रामवे’ची. साल्सेट म्हणजे आपली साष्टी. ब्रिटिशांच्या काळात तिकडून एक लोहमार्ग जात असे, तो त्यांच्याच हयातीत उखडला गेला. रूळ गेले, तीन अक्षरं राहिली, आणि त्या तीन अक्षरांपायी आम्ही दोघं पिस्टन घेऊन लोकलनं आल्या वाटेनं परत कुर्ल्याला गेलो.

सीएसटी रोडवर गाड्या नसतात, गाड्यांचे अवयव असतात. एका दुकानात नुसते दरवाजे, एकात रेडिएटर, एकात आरसे. आरशांच्या दुकानापुढून जाताना माझे साठ-सत्तर चेहरे दिसले आणि सगळे सारखेच गोंधळलेले होते. गिअरबॉक्स कोबीच्या गड्ड्यांसारखे रचून ठेवलेले. हवेत ग्रीसचा आणि कटिंग चहाचा मिळून एक वास येतो, तो दुपारनंतर आवडायला लागतो.

पहिल्या दुकानातले भाई तोंडभरून हसले. ‘फियाट का ब्लॉक? बैठो. चाय पियो.’ आणि पोरानं एक ब्लॉक ओढत आणला. ‘प्रीमियर का है, ओरिजनल.’ मी गंभीर चेहऱ्यानं पिशवीतून पिस्टन काढला. माझ्यामते त्या क्षणी माझ्याविषयी आदर निर्माण झाला. पिस्टन सिलिंडरच्या तोंडाशी धरून अलगद सोडला. तो मधे कुठेही न थांबता खालून निघाला आणि भाईंच्या पायावर पडला.

भाई खोटं बोलले नव्हते. ब्लॉक प्रीमियरच्याच गाडीचा होता, पण ११८ एनई ह्या मॉडेलचा. त्या गाडीचं अंग फियाटचं आणि इंजिन निस्सानचं, सिलिंडर ७३ मिलिमीटरचा. भाईंनी पाय चोळत चहाचे पैसे आमच्याकडून घेतले.

दुसऱ्या दुकानात जो ब्लॉक दाखवला तो तिघांना हलेना. पद्मिनीचंच डिझेल मॉडेल होतं, १३७ डी, त्याचा. डिझेलच्या इंजिनात हवा दाबून दाबून इतकी तापवतात की इंधन आपोआप पेट घेतं, म्हणून ब्लॉकही पैलवानी लागतो. ‘दाजी, हा जास्त मजबूत आहे, हाच घेऊ,’ मेहुणा म्हणाला. मी त्याला बँकेत एक फोन करायचा राहिला आहे का ते विचारलं.

तिसऱ्या ठिकाणी मात्र पिस्टन अंग चोरून आत गेला. मी मनातल्या मनात मेस्त्रींना हात जोडले आणि नंबर शोधायला वाकलो. सगळ्या ब्लॉकवर पंचवीसएक वर्षांचं काजळ होतं. नंबर असायच्या जागी तेवढा एक चौकोन भांड्याच्या बुडासारखा लख्ख. त्यावरून ग्राइंडर फिरला होता.

‘नंबर?’

‘घिस गया होगा साहब. चलते चलते.’

इंजिनात पिस्टन चालतो, क्रँक फिरतो, व्हॉल्व्ह उघडझाप करतात. नंबर तेवढा जन्मभर एका जागी बसून असतो, तो चालून चालून कसा झिजेल, हे विचारण्याइतकं हिंदी मला येत नव्हतं. पण असा चौकोन दिसला की तिथून उठावं. चोरीच्या गाड्यांचे तुकडे करण्यासाठी नाव झालेल्या मेरठच्या सोतीगंज बाजाराची शटर पोलिसांनी २०२१ च्या डिसेंबरात खाली ओढली. ग्राइंडर मात्र कुठेही मिळतो.

ह्यापुढच्या सगळ्या दुकानांत एकच इतिहास सांगण्यात आला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपताना काळ्यापिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. इथवर खरं आहे. पुढचं वाक्य असं की ‘ये उसी आख़री टॅक्सी का ब्लॉक है.’ त्या दिवशी दुपारपर्यंत मला शेवटच्या टॅक्सीचे तीन ब्लॉक दाखवण्यात आले.

त्यातला तिसरा मात्र बरा होता. नंबर स्वच्छ वाचता येत होता आणि सोबत मूळ गाडीच्या आरसीची झेरॉक्सही होती. सिलिंडरच्या वरच्या तोंडाशी आतून नख फिरवलं. पिस्टनच्या रिंगा जिथवर येतात तिथं झीज होते आणि वर न झिजलेली कड उरते. ती कड नखाला जेमतेम लागली. ‘पॉइंट फोर हुआ है, और एक बोअर खाएगा,’ दुकानातले चाचा म्हणाले. म्हणजे एकदा सिलिंडर कापून मोठा केलेला आहे, अजून एकदा कापता येईल, त्यानंतर लायनर ठोकायची पाळी.

मग रॉकेल मागवलं. मेहुण्यानं अस्तन्या सारल्या आणि ब्लॉक पुसून खडू घासला. आजूबाजूच्या दुकानांतली मंडळी जमली. दोन मिनिटं काही नाही. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे एक बारीक काळी रेघ उमटली. चाचांचा चेहरा उतरला. ‘हेअरलाइन क्रॅक,’ मेहुणा निकाल सांगावा तसा म्हणाला. चाचांनी चष्मा लावला, रेघेवर बोट ठेवलं आणि ती चिमटीत उचलली. लाइन नव्हती, नुसताच हेअर होता. मेहुण्याचा. डोक्यावर मोजकेच उरल्यामुळे त्याला ते जास्त लागलं.

अठरा हजारांवरून नऊ हजारांवर यायला तीन चहा लागले. खूश होऊन चाचांनी एका पत्र्याच्या डब्यात हात घातला आणि मेन बेअरिंगच्या तीन कॅपा काढून वर दिल्या. ‘ये फ्री.’ मेहुणा मला कोपरानं ढोसत होता, की दाजी, बघा, माझ्यामुळे.

रात्रीच्या गाडीला वेळ होता म्हणून प्रीमियर रोडवर एक चक्कर मारली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना ह्याच कुर्ल्यात होता. त्या जमिनीवर आता उंच इमारती आहेत, खाली पार्किंगमध्ये शंभर जातीच्या गाड्या. पद्मिनी एकही दिसली नाही. रस्त्याच्या पाटीवर तेवढं प्रीमियर उरलं आहे.

परतीचा प्रवास ब्लॉकनं लगेजच्या डब्यातून करायचा होता. गोणपाटात बांधलेलं ते धूड हातगाडीवर बघून बुकिंगच्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले, ‘आत काय?’

‘इंजिन.’

‘गाडीला आहे आमच्या,’ ते म्हणाले आणि पावती फाडायला लागले.

सांगलीत मेस्त्रींनी गोणपाट सोडलं. पिस्टन घातला, हं म्हणाले. खडू घासला, हं म्हणाले. नंबर झेरॉक्सशी ताडून बघितला, पुन्हा हं. माझी छाती फुगत चालली होती. मग त्यांनी ब्लॉक उलटा केला, तिन्ही कॅपा जागेवर बसवल्या आणि बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.

‘ह्या कुणाच्या?’

‘फुकट मिळाल्या.’

‘चौथी गोष्ट काय सांगितली हुती मी?’

‘बुलेट चालू होती मेस्त्री.’

ती चौथी गोष्ट अशी. क्रँकशाफ्ट ब्लॉकच्या पोटात ज्या खोबणींत फिरतो, त्यांचा खालचा अर्धा भाग म्हणजे ह्या कॅपा. कारखान्यात त्या ब्लॉकला घट्ट आवळतात आणि मग आरपार एकाच सरळ रेषेत भोक कापतात. म्हणून कॅप फक्त तिच्याच ब्लॉकला बसते, आणि तिथेही ज्या जागची त्याच जागी, जशी होती तशीच. दुसऱ्या ब्लॉकची कॅप दिसायला तंतोतंत तशीच असते, बोल्टही लागतात, पण भोक केसभर सरकलेलं असतं आणि क्रँक आवळला जातो. ह्या वेळचा केस मेहुण्याचा नव्हता. चाचांच्या डब्यात तीन वेगळ्या गाड्यांच्या कॅपा होत्या.

उपाय एकच, लाइन बोअर, आणि त्याला मेस्त्रींचा भरवसा फक्त कोल्हापूरवर. म्हणून ब्लॉक पुन्हा गोणपाटात, आणि एका ओळखीच्या टेम्पोतून आम्ही उद्यमनगरला. तिथल्या अरुंद बोळांतून लेथच्या आवाजात लोक शांतपणे गप्पा मारत असतात. कारागिरानं कॅपा बघितल्या आणि एवढंच म्हणाला, ‘कुर्ला काय?’ मग त्यानं कॅपांच्या बैठकी थोड्या घासून खाली आणल्या, आवळल्या, आणि तिन्ही खोबणींतून एक लांब दांडा फिरवून नवं भोक एका रेषेत कापलं. संध्याकाळपर्यंत काम झालं. तांबड्या रश्श्याबद्दल इथं लिहीत नाही, कारण मेहुण्यानं तो बिलात धरला. फुकटच्या कॅपा साडेचार हजारांना पडल्या.

राहता राहिला कागद. इंजिन बदललं की नंबर बदलतो आणि तो आरसीवर चढवून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. परवानगीचा अर्ज दिला आहे. खिडकीतल्या बाईंनी जुन्या इंजिनाचं काय केलंत असं विचारलं. तुळस लावली आहे, असं मी खरं ते सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे जरा जपूनच बघितलं.

तुम्हीही निघणार असाल तर पिस्टन न्या, खडू न्या, आणि ब्लॉक उलटा करून कॅपा आधी बघा. आणि सीएसटी रोडला जायचं असेल तर कुर्ल्यालाच उतरा.