जरा हसू नका

निरवांगीहून कातडीच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे एसटीनं बारामती गाठायची. तिथल्या एका डॉक्टरांनी औषधांची खोकी ठेवायच्या खोलीत हल्ली फोटोचा स्टुडिओ थाटला आहे. थाटला म्हणायचं, पण थाट कसला! भिंतीवर करड्या रंगाचं, न चकाकणारं कापड, दोन्ही अंगांना एकेक दिवा आणि फरशीवर चिकटपट्टीनं आखलेली दोन पावलं. पेशंटनं त्या पावलांवर उभं राहायचं. काही महिन्यांनी पुन्हा तिथंच, त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावर. नाहीतर डाग औषधानं फिका झाला की दिव्यानं, हे कळायचं कसं?

शास्त्र म्हणून हे चोख आहे. पण फोटो म्हटला की आपल्या माणसाच्या अंगात लग्नघर संचारतं. नीरेकाठच्या उसात आयुष्य काढलेल्या आमच्या काकू गालावरचा वांग दाखवायला निघाल्या, त्या ठेवणीतलं इरकल नेसून. सोबत मी. कॅमेरा दिसताच त्यांनी पदर सावरला, पिशवीतून डबी काढली आणि ज्या वांगासाठी भाडं खर्चून आल्या होत्या, नेमकी त्याच्यावरच पावडर थापली. “काकू, ते पुसा आधी,” डॉक्टर म्हणाले, “आणि हसू नका.” फोटोवाल्याचं ‘जरा हसा’ ऐकत आलेल्या बाईला हा हुकूम नवाच. त्या गंभीर झाल्या त्या थेट आधार कार्डासारख्या.

मुंबईत डॉक्टरकी आणि फोटोचा हा दुहेरी संसार फार पूर्वीच मांडला गेला होता. डॉ. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू नारायण दाजी डॉक्टर होते आणि छायाचित्रकारही. 1854 साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात दोघेही भाऊ होते. त्या काळी काचेवर ओलं रसायन चढवायचं, ते वाळायच्या आत फोटो काढून धुवायचाही आणि फोटो निघेपर्यंत समोरच्यानं मानही हलवायची नाही. नाडी धरून शांत बसणाऱ्या माणसाला ही धीराची कला जमली, यात नवल नाही. त्यांच्यापुढे बसलेल्यांनीही खोकला दाबून पागोटं नीट केलंच असेल.

निघताना काकूंनी विचारलं, “कॉपी कधी मिळंल?” हा फोटो केसपेपरात राहतो, तुम्हाला विचारल्याशिवाय कुणाला दाखवायचा नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. काकूंचा चेहरा पडला. एवढं इरकल नेसायचं आणि बघायचं कुणीच नाही! डॉक्टर क्षणभर थांबले. मग त्यांनी काकूंना पट्टीच्या पावलांवरून बाजूला घेतलं, खिडकीशी उभं केलं आणि म्हणाले, “आता हसा.” हा फोटो काकूंच्या नातवाच्या मोबाइलवर गेला.

तेव्हा आमच्या भागातून तिकडे कुणी निघालंच, तर सांगून ठेवतो: इरकल खुशाल नेसा, पावडर मात्र दुसऱ्या फोटोपर्यंत डबीतच असू द्या.