दुसऱ्या ब्रेकचे मालक

ड्रायव्हिंग स्कूलचे सर ओळखायला गाडीवरची पाटी वाचावी लागत नाही. बसलेले डावीकडे, पण मुद्रा अशी की गाडी तेच चालवताहेत. उजवा हात स्टिअरिंगभोवती घिरट्या घालतोय, एक कान मोबाइलला, आणि पाय खालच्या दुसऱ्या ब्रेकवर. शिकवणीच्या गाडीला असं दुहेरी नियंत्रण हवं, हे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. शिकवणाऱ्याला दहावी आणि 5 वर्षांचा चालवण्याचा अनुभव लागतो. संयमाचा दाखला कुणी मागत नाही. त्यात शिकवायला मिळते नागपूरची धंतोली! घरांपेक्षा दवाखान्यांच्या पाट्या जास्त, दोन्ही कडांना उभ्या गाड्या (त्यांचं प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं) आणि मधल्या फटीतून उलट येणारा ऑटो. इथे गाडी बंद पडली की सर कडाडतात, ‘‘काय करून राह्यले मॅडम! क्लच सोडा म्हटलं तं फेकूनच देता का बाप्पा!’’

सरांच्या मते काही शिकाऊ जात्याच अवघड असतात. ओपीडीत शंभर जणांना हुकूम देणारे डॉक्टर गिअरचाही हुकूम ऐकून घेत नाहीत, निवृत्त बँक अधिकारी प्रत्येक सूचनेचं कारण विचारतात, आणि नवऱ्याकडून आधीच ‘शिकून’ आलेल्या बाई स्टिअरिंगला हात लावण्याआधीच रडवेल्या होतात. माणसं अशी असतात, हे कबूल. पण यातले बरेचसे अवघड शिकाऊ त्याच गाडीत तयार होतात, हे क्लचच सांगतो. हाफ क्लचवर गाडी हलते ती पाय हळूहळू वर आला तर. घाबरलेला पाय आखडतो, मग एकदम सुटतो आणि इंजिन बंद पडतं. म्हणजे सर ओरडतात गाडी बंद पडली म्हणून, आणि पुढच्या वेळी ती बंद पडते सर ओरडले म्हणून. नियमांतले किमान 10 तास या फेऱ्यात संपतात आणि शिकाऊ ‘हट्टी’ ठरतो.

‘‘रागावल्याशिवाय येतच नाही, आमच्या उस्तादांनी तं कानाखाली वाजवून शिकवलं,’’ असं सर म्हणतील. उस्तादांच्या ट्रकला बहुधा दुसरा ब्रेक नव्हता. ओरडणं हाच त्यांचा ब्रेक. सरांच्या पायाखाली खरा ब्रेक आहे. गर्दीत गोड बोलायला वेळ नसतो, हा आक्षेप त्याहून वजनदार. वेळ नसतोच, म्हणून तेव्हा बोलूच नये: ब्रेक दाबावा, गाडी कडेला घ्यावी (धंतोलीत कड सापडली तर!), शिकाऊचा श्वास जागेवर येऊ द्यावा आणि मग काय झालं ते त्यालाच विचारावं. ‘मेहाडिया चौकात डावीकडे’ हे चौकाच्या आधी सांगितलं तर सूचना, नंतर सांगितलं तर शिवी. आणि मऊ वागलं की शिकाऊ बेफिकीर होतो म्हणाल, तर त्याला धाकात ठेवायला मागचे हॉर्न पुरेसे आहेत. गंमत म्हणजे शिकवणीच्या अभ्यासक्रमात चालकाच्या सौजन्याचा भाग आहे. तो सरांनीच शिकवायचा असतो, त्यामुळे बहुतेक ऑप्शनला टाकला जातो.

तेव्हा फी भरण्याआधी एक फेरी मागच्या सीटवर बसून करा. सर किती ओरडतात ते मोजू नका, वळणाआधी बोलतात की वळणानंतर तेवढं ऐका.