अर्ध्या वेळेचा भात

“का जी मावशी, आज उशीर?”

“पोट्टे जेवले दुपारीच. पन एवढाले गंज कोन घासन?”

घरामागच्या सांदवाडीच्या कुंपणावर वालाच्या शेंगा लोंबतात, त्या तोडता तोडता आमचं चालतं. मावशी लाखनी तालुक्यातल्या शाळेत पोषण आहार शिजवतात. कागदावर ‘स्वयंपाकी-मदतनीस’. पगार नाही, मानधन. काम म्हणे अर्धवेळ. सकाळी तांदूळ निवडायचा, भाजी चिरायची, खिचडी शिजवायची, वाढायचं, ताटं धुवायची, वर खोली झाडायची. घरी येईस्तोवर तीन वाजतात.

“अर्दा येळ कोनता व? सकारचा का सांजचा?”

समोरचे काका म्हणतात, दोन तासांच्या कामाला अडीच हजार काय थोडे झाले? (काकांनी स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नाही, तो भाग वेगळा.) मी म्हटलं, सव्वीसनं भागा. रोजचे शंभरही पडत नाहीत. रोजगार हमीवर एप्रिल 2025 मध्ये 312 रुपये रोज ठरला. केंद्रानं 2009 मध्ये महिन्याला हजार ठरवले, त्यातही आता 400 राज्याचे. तो आकडा तसाच राहिला. वरचे दीड हजार राज्यानं घातले. तेही वर्षाचे दहाच महिने.

“अन् मे मयन्यात?”

“मे मयन्यात पोटाले बी सुट्टी,” म्हणून मावशी खळखळून हसल्या. त्या महिन्यात त्या तेंदूपत्ता तोडायला जातात.

खरं दुखणं पुढंच आहे. रोवणीच्या दिवसांत बायांच्या टोळ्या सकाळीच बांधीवर जातात, त्या सांजेलाच परततात. मावशींना बोलावणं येतं, पण खिचडी सोडून जाणार कशा? उरलेला अर्धा दिवस कोणी मजुरीवर घेत नाही. आजारी पडल्या तर जाऊबाईला पाठवतात, तिचे पैसे स्वतःच्या खिशातून.

मी अंगणवाडीची गोष्ट सांगितली. गुजरातच्या सेविका-मदतनिसांच्या खटल्यात 25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हे काम अर्धवेळ मानता येत नाही, यांना ग्रॅच्युइटी द्या. त्या खंडपीठात आपले न्यायमूर्ती अभय ओकही होते.

“मंग आमचं कोन सांगन?”

“निकाल अंगणवाडीचा आहे जी, तुमचा नाही.”

मावशींनी शेंगांची ओंजळ माझ्या पदरात टाकली. “शनवारी पालकसभा हाये. येशीन का?”

“येईन.”

“आली तं एवढंच इचार, मयन्याचे पैसे मयन्याच्या मयन्याले का नाई? अन् दवाखान्यात गेलो तं बदली बाईचे पैसे शाळेनं द्याव. बाकीचं मी बोलतो.”