नळाला मोटार

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या सिडकोच्या गल्लीत आठवड्याला वार एकच, पाण्याचा. बाकीचे नुसते दिवस. कधी पाचव्या दिवशी येतो, कधी आठव्या. त्या वारी कुणी साखरपुडा ठरवत नाही, गावाला जात नाही.

समाज कसा बदलतो ते मी इथेच पाहिलं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या काकांनी नळाला थेट मोटार लावली. पहाटे चारला तिची घरघर ऐकून अख्खी गल्ली गॅलरीत आली. ‘लोकांच्या वाटचं पाणी ओढता?’ असं विचारणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होतो. संक्रांतीला काकूंना हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नाही. मग एका दुपारी शेजारचे सर काकांकडे वर्तमानपत्र मागायला गेले आणि येताना ‘अर्धा एचपी पुरते का’ हे विचारून आले. दिवाळीपर्यंत गल्लीत नऊ मोटारी झाल्या. दहावी माझी. ती बायकोने घ्यायला लावली, असं मी सांगतो.

आता सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि प्रत्येकाला पाणी मिळतं ते पूर्वीइतकंच. फक्त त्याचं वीजबिल येतं. मोटार नसलेल्या आजींचा नळ तेवढा नुसता फुसफुसतो. त्यांना आम्ही पाळीपाळीने दोन बादल्या देतो आणि वर पुण्यही पदरात पाडून घेतो. पाणी आलं आणि त्याच वेळी वीज गेली, तर मात्र गल्लीत घटकाभर समता नांदते.

परवा पाहुण्यांना पाणचक्की दाखवायला नेलं. मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उतारावर, शहरात आणलं होतं. पुढे त्याच तंत्राच्या पाण्यावर इथे जातं फिरलं. धाकटा भरलेला हौद बघत म्हणाला, ‘बाबा, यांना रोज येतं?’

टँकर येतो तेव्हा कुणाची घागर कुणाला लागली हे बघायला कुणालाच सवड नसते. टंचाईने शिवाशिव घालवली, असं मी एकदा सरांना ऐटीत म्हणालो. सर म्हणजे बाबासाहेबांनी 1950 साली इथे काढलेल्या मिलिंद महाविद्यालयातले. 1934 साली याच बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, तर पाणी बाटवलं म्हणून लोक शिव्या देत जमले होते. सर शांतपणे म्हणाले, ‘टंचाई तेव्हाही होतीच की.’ मी विषय बदलला.

मागच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या काकांनी मोठा इन्व्हर्टर आणला. वीज गेली तरी मोटार चालावी म्हणून! आम्ही नावं ठेवायला सुरुवात केली आहे. सर काल त्यांच्याकडे वर्तमानपत्र मागायला गेले होते.