जॅमवीर

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हा नग प्रत्येक वर्गात एक तरी असतो. दोन विषय राहिलेले, जर्नल मित्राचं बघून उतरवलेलं, आणि लॅपटॉपच्या पाठीवर इतके स्टिकर की कंपनी कुठली तेही कळू नये. एरवी व्हायव्हाला तोंडातून शब्द फुटत नाही. जानेवारी संपत आला की मात्र गडी बोलायला लागतो. कारण तेव्हा ग्लोबल गेम जॅम असतो. जगभरातल्या पोरांनी एकाच विषयावर 48 तासांत अख्खा व्हिडिओ गेम उभा करायचा. 2009 पासून हे चाललंय. विषय आधी फोडत नाहीत. 2013 साली तर विषय म्हणून नुसते हृदयाचे ठोके ऐकवले होते. ही स्पर्धा नाही, असं आयोजक कानीकपाळी ओरडून सांगतात. जॅमवीर मान डोलावतो आणि शेजारच्या टेबलावर काय शिजतंय ते बघून येतो.

आमचा भाचा याच जातीचा. 2024 साली त्याच्या टीमला डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं.

शुक्रवारी विषय कळला: ‘मला हसवा’. भाच्याने फळ्यावर सह्याद्री काढला. बारा किल्ले, धुकं, पाऊस, आणि येणाऱ्या प्रत्येकाची वेगळी टिंगल करणारा किल्लेदार. “मामा, ओपन वर्ल्ड!” चित्रं काढणारी मुलगी एवढंच म्हणाली, “बारा?”

शनिवारी सकाळी पोहे घेऊन गेलो, तर एकच किल्ला शिल्लक होता. “स्कोप कापला,” भाचा म्हणाला. रात्री पिठलं-भाकरी नेली तेव्हा किल्ल्याची एक भिंत उरली होती. पाऊस आणि धुकं तर केव्हाच गेलं होतं. खुद्द जॅमवीर सकाळपासून ‘खेळा’ या बटणाला सावली देत बसला होता. पहाटे दोघांनी एकच फाइल बदलली, गिटवर मर्ज कॉन्फ्लिक्ट झाला, आणि लोकांना हसवायला जमलेली ती चार माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

रविवारी दुपारी भिंतीसमोर एक चौकोनी ठोकळा उभा होता. उडी मारायचा बिचारा. “किल्लेदार,” भाच्याने ओळख करून दिली.

सादरीकरण दुसऱ्याच्या लॅपटॉपवर होतं. भाच्याच्या जुन्या डब्यावर सेकंदाला जेमतेम 30 फ्रेम, आणि ठोकळा दर फ्रेमला एक पाऊल टाकणार असा हिशेब. हा नवा लॅपटॉप 144 फ्रेमवाला. बटण दाबताच किल्लेदार जवळजवळ पाचपट वेगाने सुटला, भिंतीतून आरपार गेला आणि पडद्याबाहेर पसार झाला. पुन्हा दाबलं, पुन्हा पसार! अख्खी लॅब पोट धरून हसत होती. भाचा क्षणभर पांढराफटक पडला, मग कॉलर सावरून म्हणाला, “फीचर आहे.”

“वेगाला डेल्टा टाइमने गुणायचं राहिलं, काका. एका ओळीचं काम,” रिकामा डबा माझ्या हातात देताना ती मुलगी म्हणाली. बारापैकी सात किल्ले तिने रंगवून ठेवले होते.

घरी निघालो तेव्हा बहिणीचा फोन आला. “दादा, झालं का त्याचं खेळून?” झालं म्हटलं. चिरंजीव रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते.

बटणाची सावली मात्र सुरेख पडली होती.