आदराचा अतिरेक

बौद्ध देशांत जाणाऱ्या प्रवाशासाठी शिष्टाचाराचे जे नियम सांगितले जातात, ते आदर कमी पडू नये म्हणून असतात. नांदेड-लातूरकडील प्रवाशाची अडचण मात्र बहुधा आदर जास्त झाल्याची असते. पौष पौर्णिमेच्या सुमारास पांढरी वस्त्रे घालून दाभडच्या बावरीनगर महाविहारातील धम्म परिषदेला जाणारा, किंवा 2024 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालेला उदगीरचा विश्वशांती बुद्धविहार सहकुटुंब पाहून आलेला उपासक या विषयात स्वतःला नवखा समजत नाही, आणि घोटाळ्याला तेथूनच प्रारंभ होतो.

पहिला प्रश्न डोक्याचा असतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात डोके झाकल्याशिवाय जाता येत नाही आणि श्रीलंकेतील विहारात टोपी काढल्याशिवाय, त्यामुळे जन्मभर अंगवळणी पडलेला रुमाल नेमका तेथे खिशात ठेवावा लागतो. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे हा अवमान समजला जातो. आपल्याकडील कुटुंबप्रमुखाला मात्र पाठीमागे मूर्ती दिसली नाही तर विमानाचे भाडे वाया गेल्यासारखे वाटते. थायलंडमध्ये तळपाय मूर्तीच्या दिशेने करायचे नसतात, आणि दिवसभर फिरून दमलेल्या मंडळींना पाय पसरण्याची नेमकी तेथेच आठवण होते.

भिक्षूंच्या बाबतीत हा अतिरेक कळसाला पोचतो. थायलंडमध्ये स्त्रीने भिक्षूला स्पर्श करायचा नसतो, म्हणून तिने दिलेले दान तो बहुधा समोर पसरलेल्या कापडावर घेतो; वाकून पाय धरणाऱ्या मावशींना हे अंतर परकेपणाचे वाटते. भिक्षूला विकालभोजन, म्हणजे मध्यान्हानंतरचे जेवण, वर्ज्य असते हे त्यांना गावच्या भोजनदानामुळे ठाऊक असते; तरीही दुपारी दोन वाजता पिशवीतून धपाटे निघतात आणि "भंतेजी, एक तरी घ्याच" असा आग्रह सुरू होतो. पोया, म्हणजे श्रीलंकेतील दर पौर्णिमेची सार्वजनिक सुट्टी, त्या दिवशी मद्यविक्री बंद असल्याने सहलीतील काही पुरुषमंडळींना पंचशीलातील पाचवे शील सरकारच्या कृपेने पाळायला मिळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1950 मध्ये बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले, तेव्हा तेथील लोक धर्म प्रत्यक्षात कसा आचरतात हे पाहणे हाही त्यांचा हेतू होता. आधी पाहावे आणि मग करावे, ही रीत प्रवाशाला आजही पुरेशी आहे. मात्र पाहण्यासाठी काही वेळ गप्प बसावे लागते, आणि मराठवाड्याच्या सहलीला सगळ्या नियमांत हाच जड जातो.