मुरलेला पौंड

ब्रिटनमध्ये रशियन माणसाचे दोन वाण आढळतात: डेकवरून आलेला आणि केबिनमधून आलेला. ही विभागणी कायद्यानेच केलेली आहे. परदेशी लोकांना आवर घालण्यासाठी १९०५ साली झालेल्या कायद्यात 'स्थलांतरित' म्हणजे जहाजाच्या सर्वांत खालच्या वर्गातून आलेला परदेशी उतारू, असे स्वच्छ लिहिले होते. केबिनचे तिकीट काढणारा परदेशी स्थलांतरित ठरतच नसे. त्याला पाहुणा म्हणत. शिवाय डेकवरचे परदेशी उतारू विसाच्या वर गेले तरच जहाज तपासणीला पात्र होई. देशाला धोका होता तो एकविसाव्यापासून.

पहिल्या वाणाची आवक १८८१ नंतर सुरू झाली. रशियन साम्राज्यात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या आणि आजच्या पोलंड, लिथुआनिया, युक्रेन, बेलारूस या भागांतली माणसे घरदार विकून निघाली. कागदावर ती रशियन. पहिल्या महायुद्धापर्यंत अशी लाखावर माणसे ब्रिटनमध्ये स्थिरावली. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये, लीड्समध्ये, मँचेस्टरमध्ये. शिवणकाम, टोप्या, सपाता, दिवसाचे चौदा-चौदा तास. १९०५ च्या कायद्यानंतर बंदरावर अधिकारी त्यांना एकच गोष्ट विचारी: पाच पौंड आहेत का? सोबत बायकोमुले असली तर माणशी आणखी दोन. पाच पौंड कुठून आणले, हे कोणी विचारीत नसे. पाच पौंडांना कसला आला आहे इतिहास!

१९१७ च्या क्रांतीनंतर आलेल्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पळालेल्यांतले बहुतेक पॅरिस आणि बर्लिनला गेले. लंडनला आलेल्या थोड्यांजवळ किताब होते, पैसे नव्हते. त्यामुळे हा वाण ब्रिटिशांना कादंबरीत आवडला.

केबिनचा खरा बहर सोव्हिएत संघ मोडल्यावर आला. सरकारी तेल, सरकारी निकेल, सरकारी अ‍ॅल्युमिनियम काही मोजक्या खिशांत गेले आणि ते खिसे लंडनला पोचले. त्यांच्या सोयीसाठी २००८ साली गुंतवणूकदारांचा व्हिसा नव्या रूपात अवतरला. किंमत दहा लाख पौंड, २०१४ च्या अखेरीपासून वीस लाख. किंमत हा शब्दही चुकीचाच, कारण हे पैसे द्यायचे नव्हते, ठेवायचे होते. ब्रिटिश सरकारचे रोखे घ्यायचे, त्यावर व्याज खायचे, मुदत भरली की मुद्दल परत आणि वर कायमच्या वास्तव्याचा परवाना. वीस लाख ठेवणाऱ्याला तो पाच वर्षांनी मिळे, पन्नास लाखवाल्याला तीन वर्षांनी आणि एक कोटीवाल्याला दोनच वर्षांनी. ब्रिटिश जीवनाची गोडी लागायला श्रीमंताला वेळ कमी लागतो, हे यातून सिद्ध झाले.

या योजनेतला अभ्यासण्याजोगा भाग म्हणजे ९० दिवसांचा नियम. अर्जदाराजवळ पैसे ९० दिवस असतील, तर ते आले कुठून याचा पुरावा द्यावा लागत नसे. त्याहून कमी दिवस असतील तरच द्यावा लागे. म्हणजे पैसा लोणच्यासारखा. बरणीत घाला, दादरा बांधा, तीन महिने हात लावू नका. कैरी कुणाच्या झाडावरून तोडली हे मुरल्यावर कोण विचारतो! एकोणनव्वदाव्या दिवशी जो पैसा संशयित, तोच नव्वदाव्या दिवशी सज्जन. त्या एका रात्रीत त्याचे काय होत असावे, हे रसायनशास्त्राने अजून सांगितलेले नाही. बरे, बरणीत निदान बँक तरी डोकावेल? २०१५ पर्यंत व्हिसा आधी मिळे आणि ब्रिटनमधले खाते नंतर उघडले तरी चाले. बँक म्हणे, सरकारने व्हिसा दिला म्हणजे चौकशी केलीच असेल. सरकार म्हणे, बँक खाते उघडेल म्हणजे चौकशी करीलच. पुढे बोभाटा झाला, तेव्हा २०१९ मध्ये ९० दिवसांची दोन वर्षे करण्यात आली. तत्त्व तेच, बरणी मोठी. आणि याच काळात, याच देशाच्या व्हिसासाठी सांगलीचा किंवा नाशिकचा विद्यार्थी अर्ज करीत होता. त्याच्या बापाने प्लॉट विकलेला, प्रॉव्हिडंट फंड काढलेला, मावशीकडून उसने घेतलेले. ती रक्कम खात्यात सलग २८ दिवस एक रुपयाही खाली न जाता दिसली पाहिजे. मधेच बँकेने कसलासा आकार कापला, शिल्लक तेवढ्यापुरती घसरली, की अर्ज बाद, फी बुडीत, वर्ष वाया. प्लॉटवाल्याच्या शिलकीवर दुर्बीण आणि निकेलवाल्यासाठी डोळ्यांवर कातडे, याला व्यवस्था म्हणायचे असेल तर दलाली कशाला म्हणायचे?

वंशजांकडे वळू. डेकवाल्याच्या मुलाने आडनाव बदलले, नातवाने उच्चार बदलले, आणि पणतू आता जेवणाच्या टेबलावर सांगतो की देश भरला आहे, कुठेतरी थांबायला हवे. केबिनवाल्याच्या मुलाला यातले काही करावे लागत नाही. तो आठव्या वर्षी वसतिगृहाच्या शाळेत जातो, उच्चार फीमध्येच येतात, आणि वडिलांचे आडनाव बदलण्याऐवजी देणगीच्या पाटीवर कोरले जाते. कोणी पत्रकाराने त्या देणगीचे मूळ शोधायला घेतले, की बदनामीच्या दाव्याची नोटीस येते. ती लिहिणारा वकील अस्सल इंग्रज असतो.

दोन्ही वाणांत न बसणारेही रशियन ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत: शिक्षक, संगणकवाले, आपल्याच सरकारला कंटाळून आलेले. २०२२ नंतर भुवया वर गेल्या त्या यांची नावे ऐकून, कारण रांगेत तेच उभे असतात.

त्या वर्षी १७ फेब्रुवारीला गुंतवणूकदारांचा व्हिसा बंद झाला. २४ फेब्रुवारीला रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये शिरले. ब्रिटनमधली घरे परदेशी कंपन्यांच्या नावांआडून कुणाची आहेत, याची नोंदवही करण्याचे आश्वासन २०१६ चे, मसुदा २०१८ चा. विधेयक १ मार्च २०२२ ला आले आणि १५ मार्चला कायदाही झाला. जे सहा वर्षे अवघड होते ते पंधरवड्यात उरकले. जुन्या व्हिसांचा आढावा घेऊ असे २०१८ मध्ये जाहीर झाले होते. त्याचे सार जानेवारी २०२३ मध्ये संसदेला लेखी कळवण्यात आले: युक्रेन-युद्धावरून ब्रिटनने घातलेल्या निर्बंधांच्या यादीतले दहा जण याच वाटेने आले होते. पूर्ण अहवाल प्रसिद्ध झाला नाही. विद्यार्थ्यांचा २८ दिवसांचा नियम चालू आहे. त्यात २७ चालत नाहीत.